खुर्चीवाल्या एल्साचं पहिलं मत

निवडणूक जाहीर झाली की कास्तेलमूरोत खुर्च्या मोडायला लागतात. एरवी वर्षभरात चार-पाच मोडतात, त्याही कुणा जाडजूड पाहुण्याच्या कृपेने. पण रोममध्ये सरकार पडल्याची बातमी आली, आणि ती बातमी यायला आमच्याकडे फार वाट पाहावी लागत नाही, की आठवडाभरात या डोंगरावरच्या एवढ्याशा गावातल्या चांगल्या धडधाकट खुर्च्यांच्या बैठका पटापट फाटतात. ज्या फाटायला तयार नसतात त्या स्वयंपाकघरातल्या सुरीने फाडल्या जातात.

याला कारण एल्सा मोर्तेन्सन. ही बाई डेन्मार्कची. गाव तिला एकतीस वर्षं 'जर्मन' म्हणत आलंय आणि तिने सुरुवातीची सहा वर्षं ते दुरुस्त करून पाहिलं, मग सोडून दिलं. तीन आठवडे डोंगर चढायला म्हणून आली, चर्चच्या पायऱ्यांवरून पडून गुडघा मोडून बसली, आणि पडल्या पडल्या करायचं काय म्हणून घरमालकिणीकडून लव्हाळ्याच्या बैठका विणायला शिकली. गुडघा दोन महिन्यांत बरा झाला. एल्सा आता सहासष्ट वर्षांची आहे.

खुर्ची विणायची आमच्याकडे रीत अशी की ज्याची खुर्ची त्याने समोर बसून ओल्या लव्हाळ्याचा पीळ ताणून धरायचा. एका बैठकीला तीन तास लागतात. तीन तास हात गुंतलेले, नजर खाली, दार लोटलेलं आणि समोर एक अशी बाई जिला गावात ना काका ना मामा, ना भाऊबंदकी, ना मत. गावपंचायतीच्या निवडणुकीत तिला मत होतं म्हणा, पण त्या निवडणुकीला उमेदवार एकच असतो, फियोरेंझो, ट्रॅक्टर दुरुस्त करणारा. त्यात सांगण्यासारखं काय आहे? खरी निवडणूक देशाची. आणि देशाच्या निवडणुकीत आपण कुणाला मत देणार हे आमच्याकडे माणूस बायकोला सांगत नाही, भावाला सांगत नाही. पाद्रीबुवांना तर मुळीच नाही, कारण ते तोंड बंद ठेवतात पण भुवया आवरत नाहीत. पण सांगितल्याशिवाय पोटात राहतही नाही. मग खुर्ची मोडते.

त्यामुळे अख्ख्या गावाची गुपितं एल्साच्या पोटात होती. ओत्ताविओ, मधमाश्यावाला, पिढीजात कुदळवाला. आजोबांपासून घरात कुदळीच्या निशाणीशिवाय दुसऱ्याचं नाव नाही. तो गेली तीस वर्षं चोरून समोरच्या पक्षाच्या घंटेवर फुली मारत होता. "नुंझियाताला कळलं तर ती मला मधाच्या पोळ्यांमध्ये झोपायला पाठवेल," असं तो दर वेळी सांगायचा. आणि त्याची बायको नुंझियाता दुसरी खुर्ची घेऊन यायची, पीळ धरायची आणि सांगायची, "एल्सा, मी परत घंटेलाच देणार आहे गं. ओत्ताविओला कळलं तर त्याचं हृदय बंद पडेल." एल्सा दोघांनाही "हं" म्हणायची आणि विणत राहायची. तीस वर्षं असं 'हं' म्हणणं सोपं नाही. मला तर पहिल्याच दिवशी जमलं नसतं.

मतदानाच्या दिवशी ती शाळेसमोरच्या बाकावर वही घेऊन बसायची. कोण किती वाजता आलं, कुणी नवा शर्ट घातला, कोण आत किती वेळ रेंगाळलं, हे सगळं टिपून ती डेन्मार्कात आर्‌हुसला आपल्या बहिणीला पत्राने कळवायची. पेन्सिलीने मत द्यायचं आणि पेन्सिल परत द्यायची हा आमचा नियम, पण लोक विसरायचे. म्हणून एल्सा बाहेर येणाऱ्या प्रत्येकाला विचारायची, "पेन्सिल दिलीस ना परत?" गावाने तिला निरीक्षक म्हणायला सुरुवात केली होती.

आणि तिला हे सगळं आवडायचं. आवडायचं, ते मागच्या निवडणुकीपर्यंत. तेव्हा एर्सिलियाच्या बारमध्ये खालच्या रस्त्यावरून वाद पेटला होता. त्या रस्त्यावर एल्साने तोवर तीन सायकली मोडल्या होत्या, म्हणून तिनेही तोंड उघडलं. तेव्हा ओत्ताविओने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी मायेने म्हणाला, "एल्सा, तू कशाला डोकं शिणवतेस? तुला काय त्याचं?"

मायेने म्हणाला, हेच वाईट. कुणी डाफरलं असतं तर तिने उलट डाफरलं असतं. त्या रात्री तिने कागद मागवले. चार वर्षं त्या कागदांनी तिच्या नाकी नऊ आणले आणि या मे महिन्यात पत्र आलं: नागरिकत्व मंजूर. सहा महिन्यांच्या आत सरपंचासमोर शपथ घ्यायची, नाहीतर सगळं रद्द. एल्साने ते पत्र बारमध्ये मोठ्याने वाचून दाखवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एर्सिलियाने सगळ्यांना दारू पाजली, फुकट, यावरून समजा.

आणि जुलैत सरकार पडलं. सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी मतदान.

तेव्हा कुठे गावाच्या डोक्यात प्रकाश पडला. एर्सिलियाने कप विसळता विसळता मान वर केली आणि म्हणाली, "थांबा. ती शपथ घेणार म्हणजे तिला मत मिळणार. मत मिळालं म्हणजे ती पण कुठल्यातरी बाजूची होणार."

"मग?" सरपंच फियोरेंझो म्हणाला.

"मग गाढवा, आपण सांगायचं कुणाला?"

निवृत्त गावपोलीस क्विरीनोने टोपी काढून टेबलावर ठेवली.

एल्साने शपथेची तारीख मागितली तेव्हा फियोरेंझोचा घसा बसला होता. पुढच्या आठवड्यात घसा सुटला तर कचेरीचं छपाईयंत्र बिघडलं. मग ऑगस्ट आला, आणि ऑगस्टमध्ये इटलीत कुणी मरतसुद्धा नाही, सगळे समुद्रावर असतात. ऑगस्ट संपला तेव्हा सरपंचाचा पट्टा हरवला. शपथ देताना सरपंचाने खांद्यावरून हिरवा-पांढरा-तांबडा पट्टा घालावा लागतो. पट्टा नाही तर शपथ नाही.

"असा कसा हरवला?" एल्साने विचारलं.

"सिन्योरा एल्सा, काय सांगू तुम्हाला," फियोरेंझो खाली बघत म्हणाला. "धुवायला टाकला होता. वारा सुटला."

"त्या दिवशी वारा नव्हता."

"वर होता. दोरीपाशी."

फियोरेंझो ट्रॅक्टर उत्तम दुरुस्त करतो. खोटं बोलणं हे त्याचं काम नाही.

एल्सा घरी गेली आणि पहिल्यांदाच तिने खुर्ची विणता विणता दोनदा पीळ चुकवला. मतदारयादी बंद व्हायला आठ दिवस उरले होते. गाव टाळतंय हे तिला दिसत होतं, पण का ते कळत नव्हतं. तिला वाटलं, टाळ्या वाजवल्या त्या पाहुणीसाठी वाजवल्या. घरातली म्हणून नको आहे मी यांना. तिला फार वाईट वाटलं. बहिणीला पत्र लिहायला बसली आणि 'इथे सगळं ठीक' एवढं लिहून उठली.

दुसऱ्या दिवशी ओत्ताविओ खुर्ची घेऊन हजर. त्याला धीरच नव्हता. एल्साला मत मिळायच्या आत आपलं सांगून टाकावं म्हणून तो स्वयंपाकघरातली हाताला लागेल ती खुर्ची उचलून आला होता. सुरीने फाडायलाही त्याला वेळ मिळाला नव्हता.

"कुठे फाटलीय?" एल्सा म्हणाली.

"फाटेल. लवकरच फाटेल. तू कर सुरुवात." त्याने दार लोटलं आणि समोर बसला. "तर एल्सा, या वेळी मी परत..."

एल्साने खुर्ची उलटी केली. लव्हाळ्याच्या बैठकीला खालून खिसे असतात, त्यांत पेंढा कोंबलेला असतो. पेंढा जुना झाला असेल तर आधी तो काढायचा. तिने आकडा घातला आणि ओढला. आकड्याला हिरवं काहीतरी लागलं. तिने आणखी ओढलं. मग पांढरं आलं. मग तांबडं आलं. ओत्ताविओचा जबडा तसाच उघडा राहिला. शेवटी सोनेरी गोंड्यासकट अख्खा पट्टा एल्साच्या मांडीवर पडला.

"ओत्ताविओ," एल्सा म्हणाली.

"मला नुंझियाताने सांगितलं होतं, ती एक खुर्ची सोडून कुठलीही ने म्हणून," ओत्ताविओ रडवेला होऊन म्हणाला. "पण कुठली एक ते माझ्या लक्षात राहिलं नाही."

एल्सा उठली. तो पट्टा तिने स्वतःच्याच खांद्यावरून घातला आणि तशीच चौकातून बारमध्ये गेली. मागून ओत्ताविओ, हातात उघडी खुर्ची घेऊन. बारमध्ये सकाळचे सगळे जमलेले होते. फियोरेंझोने पट्टा बघितला आणि चमचा पडल्यासारखं करून तो टेबलाखाली शिरला.

"बाहेर ये, फियोरेंझो," एल्सा म्हणाली. "मला एवढंच सांगा. मी नकोय का तुम्हाला? तसं असेल तर सरळ सांगा. माझ्या तोंडावर टाळ्या आणि पाठीमागे पेंढा, असं नको."

मग एर्सिलिया काउंटरमागून बाहेर आली. ती आली की काहीतरी होणार हे ठरलेलं.

"नको कशी असशील गं?" ती म्हणाली. "तू हवीस म्हणून तर केलं हे. तू मतवाली झालीस की आम्ही कुणाकडे बघून बोलायचं? मला सांग. मी तेवीस वर्षं तुला सांगतेय!"

"एकमेकांना सांगा."

"एकमेकांना!" एर्सिलियाने सगळ्या बारकडे वळून हात फेकले. "ऐकलंत? एकमेकांना म्हणे! रक्त सांडेल इथे, बाई!"

"मग पोटात ठेवा," एल्सा म्हणाली. "मी एकतीस वर्षं एकशे अकरा जणांचं ठेवलंय. माझं स्वतःचं एकसुद्धा नव्हतं त्यात. तुम्हाला कळतंय का मी काय म्हणतेय?"

आणि ती रडायला लागली. तिला रडताना गावाने गुडघ्याच्या वेळीसुद्धा पाहिलं नव्हतं. क्विरीनोने टोपी डोक्यावर घातली, काढली, परत घातली. मग खणखणीत आवाजात म्हणाला, "सरपंच, कचेरी उघडा. आत्ता."

त्याच दुपारी, पट्ट्यावरचा पेंढा झटकत फियोरेंझोने शपथ दिली. प्रजासत्ताकाशी एकनिष्ठ राहीन, राज्यघटना आणि कायदे पाळीन. एल्साने एका दमात म्हटलं. सगळं गाव कचेरीत कोंबून उभं होतं. एर्सिलिया नवऱ्याच्या मयतीला आली होती तेवढाच गंभीर चेहरा करून आली होती.

त्यानंतरचे दोन आठवडे मात्र गावाने कसे काढले ते विचारू नका. एकही खुर्ची मोडली नाही. लोक रस्त्यात भेटले की तोंड उघडायचे आणि मिटायचे. क्विरीनो पहाटे कब्रस्तानात जाऊन मेलेल्या भावाशी तासतासभर बोलायचा. ओत्ताविओने आपलं गुपित मधमाश्यांना सांगितलं. मधमाश्यांना सांगताना आवाज हळू ठेवावा लागतो, पण त्याला ते भान राहिलं नाही आणि पलीकडे नुंझियाता कपडे वाळत घालत होती. ती हातातली चादर टाकून आली. ओत्ताविओने डोळे मिटून घेतले.

"तू? घंटा?" ती म्हणाली. "कधीपासून?"

"तीस वर्षं."

"मी बत्तीस!" नुंझियाता ओरडली, आणि तीन दिवस दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. मत एकच निघालं याचा आनंद नव्हता कुणाला, तीस वर्षं फुकट घाबरलो याचा संताप होता. चौथ्या दिवशी नुंझियाता म्हणाली, "आणि त्या जर्मनबाईला दोघांचंही माहीत होतं!" मग दोघं मिळून एल्सावर रागावले आणि त्यातून त्यांचं जमलं.

रविवार उजाडला. शाळा सात वाजता उघडली आणि सात वाजून दहा मिनिटांनी एल्सा आत होती, निळा झगा, गळ्यात आईची माळ. मतदान केंद्राच्या अध्यक्ष म्हणून शहरातून एक बाई आल्या होत्या, चष्मा नाकाच्या टोकावर, हसणं घरी ठेवून आलेल्या. त्यांनी कार्डावर शिक्का मारला, मतपत्रिका दिली, पेन्सिल दिली. एल्सा पडद्याआड गेली. आत तिने सगळ्या निशाण्या दोनदा वाचल्या. एकशे अकरा माणसांच्या फुल्या तिला पाठ होत्या, आणि स्वतःची मारण्याआधी तिने पेन्सिलीचं टोक बोटाने तपासून पाहिलं. मारली. घडी घातली. पेटीत टाकली. बाहेर आली.

दहा मिनिटांनी मतदान थांबलं. पेन्सिल एक कमी भरत होती. पडद्याआड शोधलं, बाकाखाली शोधलं, क्विरीनोला खिसे उलटे करायला लावले. अध्यक्षबाई म्हणाल्या, ही पेन्सिल सापडेपर्यंत मी एकाही माणसाला आत घेणार नाही. बंदोबस्ताचा पोलीस धावत बाहेर आला तर समोरच्या बाकावर एल्सा बसलेली. खुर्ची विणताना पेन्सिल अंबाड्यात खोचायची तिची सवय, तशी खोचून ती बाहेर आली होती. मग दुसऱ्या सवयीने बाकावर बसली होती, वही उघडली होती, अंबाड्यातून पेन्सिल काढली होती आणि त्याच सरकारी पेन्सिलीने पहिली नोंद केली होती: 'सात दहा. एल्सा मोर्तेन्सन. निळा झगा. आत बराच वेळ.'

शाळेच्या दारातली रांग एका सुरात ओरडली, "पेन्सिल दिलीस का परत?" एल्सा कानापर्यंत लाल झाली. पण पोलिसासोबत पेन्सिल घेऊन आत जाताना ती हसत होती.

सोमवारी सकाळी शाळेच्या दारावर निकाल लागला. सत्त्याण्णव मतं पडली होती. कुदळ एक्केचाळीस, घंटा अडतीस, किरकोळ मिळून सतरा. आणि सगळ्यात खाली, पतंग: एक.

पतंगवाल्यांचं म्हणणं काय होतं ते सांगायला हवं. पाचशेहून कमी वस्तीची गावं मोडून शेजारच्या मोठ्या गावात मिसळा, हे त्यांचं म्हणणं. आमच्या शेजारचं मोठं गाव म्हणजे पिएत्रास्कूरा. पिएत्रास्कूरावाल्यांनी दुष्काळाच्या वर्षी आमचा झरा वळवला होता, ते वर्ष कुठलं हे आता कुणाला आठवत नाही, पण झरा सगळ्यांना आठवतो. त्यांच्यात मिसळायचं? आणि या गावातल्या कुणीतरी, आपल्यातल्या कुणीतरी, पडद्याआड जाऊन त्यावर फुली मारली होती.

दहा वाजेपर्यंत बारमध्ये उभं राहायला जागा नव्हती. क्विरीनोने मतदारयादी आणली होती आणि तो एकेकाला नावाने उभं करत होता. असली एखाद-दुसरी आगाऊ फुली पूर्वीही निघायची, आणि तेव्हा एल्सा काउंटरच्या टोकाला उंच स्टुलावर पंच म्हणून बसायची. तिच्यावर संशय घ्यायचा प्रश्नच नव्हता. आजही ती आली, लोकांनी वाट दिली, आणि ती त्या स्टुलावर चढून बसली.

क्विरीनोने चष्म्यावरून पाहिलं. "तिथून उतर," तो म्हणाला.

"का?"

"का म्हणजे? तू यादीत आहेस. एकशे बारावी. इकडे ओळीत उभी राहा."

एल्सा उतरली. ओत्ताविओ आणि नुंझियाताच्या मधे जाऊन उभी राहिली. तिने एकदा डावीकडे पाहिलं, एकदा उजवीकडे पाहिलं, आणि त्या नादात तिला पुढचे चार सवाल-जवाब ऐकूच आले नाहीत.

"मोर्तेन्सन एल्सा," क्विरीनो म्हणाला. "पतंगाला तू दिलंस का?"

तिने दिलं नव्हतं. एका शब्दात मोकळी झाली असती. पण तिच्या आधी एर्सिलिया उसळली.

"हिला काय विचारतोस! मला माहितीये! ईस्टरला हिने पिएत्रास्कूराचा पाव आणला होता! माझ्यासमोर म्हणाली, कवच काय छान खुसखुशीत आहे! माझ्यासमोर! माझा पाव खाऊन एकतीस वर्षं जगली आणि कवच म्हणे खुसखुशीत!"

"होतंच खुसखुशीत!" एल्सा म्हणाली.

बारमध्ये कुणीतरी श्वास ओढला.

"झालं! कबूल केलं!" नुंझियाता किंचाळली. "आणि ही माझ्या नवऱ्याचं सगळं जाणून होती! तीस वर्षं माझ्या तोंडावर हं हं करत होती, घुमी कुठली!"

"घुमी मी?" एल्साचा आवाज असा चढला की काउंटरवरचे ग्लास वाजले. "पट्टा पेंढ्यात कुणी कोंबला? आणि एर्सिलिया, तू पावाचं काय बोलतेस, तुझी सख्खी बहीण पिएत्रास्कूरात दिलेली आहे! तिचा नवरा पतंगाची पत्रकं वाटत होता, मी डोळ्यांनी पाहिलंय! खालच्या रस्त्यावर मी तीन सायकली मोडल्या आणि तुम्ही सगळे निवडणुकीत त्याच माणसाला डोक्यावर घेता ज्याने तो रस्ता खाल्ला! आणि ज्यांनी ज्यांनी त्याला मत दिलं ते मला पाठ आहेत, नावाने सांगू का?"

"नको!" एकदम तीस-चाळीस माणसं ओरडली.

मग जे झालं ते सांगण्यात अर्थ नाही, कारण सगळे एकदम बोलत होते. ओत्ताविओने बहिणीवरून एर्सिलियाला डिवचलं, क्विरीनोची यादी कुणीतरी फाडली, सरपंच टेबलाखाली गेला, या वेळी चमच्याशिवाय. पतंगाला मत कुणी दिलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. एर्सिलियाने हातातलं फडकं काउंटरवर आपटलं आणि दाराकडे बोट केलं.

"ओत्ताविओ, बाहेर! आठ दिवस तोंड दाखवायचं नाही! आणि तू पण! हो, तूच, एल्सा! आठ दिवस! कॉफी घरी करून पी!"

या बारमधून गावातला प्रत्येक माणूस कधी ना कधी हाकलला गेलेला आहे. पाद्रीबुवा दोनदा. एल्साला एकतीस वर्षांत कुणी साधं 'चल सरक' म्हटलं नव्हतं. ती चौकात येऊन उभी राहिली, केस सुटलेले, घसा बसलेला. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. इतकं सुख तिला शपथेच्या दिवशी झालं नव्हतं, मतपेटीपाशीही झालं नव्हतं.

ओत्ताविओ घाबरला. "अगं, रडतेस काय? एर्सिलियाचं मनावर घेतेस? आठच तर दिवस आहेत. मी आत जाऊन सांगू का, हिचे कमी कर म्हणून?"

"खबरदार," एल्सा डोळे पुसत म्हणाली. "सांगायचंच असेल तर सांग, माझा राग काही उतरला नाही अजून. पंधरा कर म्हणावं."